निनावी ठासणीच्या बंदुकीचे मूळ : ओळखीची साधने आणि मर्यादा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत, संस्थानिकांच्या संग्रहांत आणि लहानमोठ्या वस्तुसंग्रहालयांत तोंडाकडून दारू व गोळी भरावयाच्या, म्हणजेच ठासणीच्या, बंदुका आढळतात. त्यांपैकी अनेकींवर कारखान्याचे नाव, वर्ष, क्रमांक अथवा मालकाची मुद्रा यांपैकी काहीही नसते. अशा बंदुकीची नोंद बहुधा ठरावीक पद्धतीने होते. ती लांब नळीची व जामगीने पेटणारी असेल, तर 'शिवकालीन'. चकमकीची अथवा टोपीची असेल, तर '१८५७ च्या उठावातील'. दोन्ही नोंदींना पुष्कळदा घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या आठवणीपलीकडे आधार नसतो. याच सवयीची दुसरी बाजू अशी की, घडण सुबक दिसली की बंदूक 'विलायती' ठरते आणि ओबडधोबड दिसली की 'देशी'. ज्या एतद्देशीय कारागिरांनी दोन-तीन शतके उत्तम नळ्या घडविल्या, त्यांचे काम अशा रीतीने त्यांच्या नावावरून पुसले जाते. निनावी बंदुकीचे मूळ शोधण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ संग्राहकांच्या हौसेचा नाही. तंत्रज्ञानाच्या व कारागिरीच्या इतिहासाचा तो प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात नळीच्या आत आटे नसलेल्या, म्हणजे गुळगुळीत नळीच्या, ठासणीच्या बंदुकांपुरताच विचार केला आहे.

बंदूक भरलेली असू शकते

कोणत्याही तपासणीपूर्वी एक गोष्ट अपरिहार्य आहे. शतकापूर्वी भरून ठेवलेली बंदूक आजही भरलेलीच असू शकते. कोरडी राहिलेली काळी दारू दीर्घकाळ निकामी होत नाही. नळीत लाकडी काठी हलकेच सोडावी, तोंडाशी तिच्यावर खूण करावी आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरून तिचे टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकाच्या छिद्रापर्यंत, पोहोचते का ते पाहावे. टोक कानाच्या काही सेंटिमीटर अलीकडेच थांबले, तर नळीत दारू, गोळी किंवा निदान कचऱ्याचा बोळा आहे असे समजून पुढील काम तज्ज्ञांवर सोपवावे. लोखंडी गज आपटून पाहणे, नळी तापविणे किंवा 'चालते का' म्हणून चाप ओढणे हे प्रकार टाळावेत.

गंज काढण्याचा उत्साहही आवरावा. घासकागदाने चकाकविलेल्या नळीवर पुसट मुद्रा, सोन्याच्या तारकामाचे अवशेष अथवा लोखंडाच्या वळ्यांची नक्षी पुन्हा कधीच वाचता येत नाही. अशा चकाकलेल्या बंदुका संग्रहांत आढळतात आणि त्यांच्याविषयी फारच थोडे सांगता येते, ही खेदाची बाब होय.

निनावी म्हणजे काय?

वरकरणी खूण दिसत नाही एवढ्यावरून बंदूक निनावी ठरत नाही. यूरोपीय बंदुकांवरील परीक्षेच्या मुद्रा अनेकदा नळीच्या खालच्या अंगाला, दस्त्याच्या लाकडाने झाकलेल्या भागात असतात. कळीच्या पट्टीच्या आतल्या बाजूस कारागिराची अक्षरे असतात. पितळी साजाच्या मागे जुळणीसाठी केलेल्या बारीक रेघा किंवा आकडे सापडतात. नळी दस्त्यापासून वेगळी केल्याशिवाय 'खूण नाही' असे विधान करू नये. मात्र ती वेगळी करण्याचे काम अनुभवी हातांनीच व्हावे. जुनी पिन उलट्या बाजूने ठोकली की लाकूड चिरते आणि जे पुरावा म्हणून जपायचे, तेच मोडते.

एवढे करूनही खूण मिळाली नाही, तर तिचा अभाव हाच एक पुरावा असतो. इंग्लंडमध्ये १८१३ च्या कायद्याने बंदुकीच्या नळ्यांची दारूने परीक्षा घेऊन त्यांवर मुद्रा उठविणे बंधनकारक झाले. त्यासाठी लंडनच्या जोडीला बर्मिंगहॅम येथे परीक्षागृह स्थापन झाले. बेल्जियममधील लिएज शहरातही अशी परीक्षा होत असे आणि तेथील नळ्यांवर तिच्या खुणा असतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर प्रारंभी चार भागांत विभागलेले व कंपनीची आद्याक्षरे असलेले हृदयचिन्ह असे. १८०८ पासून त्याची जागा मागील पायांवर उभ्या सिंहाने घेतली. जिच्यावर यांतील काहीच नाही, अशी 'कंपनीची बंदूक' ही मुळात कंपनीची नसण्याचीच शक्यता अधिक. ती कंपनीच्या नमुन्यावरून अन्यत्र घडविलेली असू शकते.

उलट दिशेने हाच निकष टिपू सुलतानाच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या बंदुकांना लागतो. श्रीरंगपट्टणच्या राजकीय कारखान्यातील उत्तम बंदुकांवर स्थळ, मौलुदी सन आणि वाघाच्या पट्ट्यांची चिन्हे सहसा असतात. साधी, कोरी बंदूक 'टिपूची' म्हणून पुढे आली की प्रथम संशय घ्यावा. अकबराच्या कारखान्यातील नळ्यांवर लोखंडाचे स्थळ, कारागीर, घडणीचे ठिकाण आणि काळ यांची नोंद होत असल्याचे अबुल फझल 'आईन-ए-अकबरी'त सांगतो. दरबारी बंदूक बोलकी असे. शिपायाची, शेतकऱ्याची आणि शिकाऱ्याची बंदूक मुकी राहिली.

खुणेवर आंधळा विश्वास ठेवणेही तितकेच धोक्याचे. खैबर खिंडीच्या परिसरातील कारागीर इंग्रजी मुद्रांच्या नकला करीत आणि त्यांत अक्षरे उलटी पडत. खूण म्हणजे एक दावा, एवढेच.

एक बंदूक, अनेक वये

निनावी बंदुकीविषयीच्या बहुतेक चुका एका गृहीतकातून उद्भवतात. बंदूक ही एका ठिकाणी, एका वेळी तयार झालेली वस्तू आहे, हे ते गृहीतक. प्रत्यक्षात नळी, कळ, दस्ता आणि कडी, चापाभोवतीचे कडे इत्यादी साज यांचा तो जोड असतो व प्रत्येकाचे आयुष्य वेगळे असते. लाकूड किडते, कळीची कमान तुटते, पेटविण्याची पद्धत कालबाह्य होते. नळी मात्र टिकते. म्हणून सतराव्या शतकातील नळी अठराव्या शतकातील दस्त्यावर बसलेली आणि एकोणिसाव्या शतकात टोपीसाठी बदललेली असणे मुळीच अपवादात्मक नाही. सिंध व अफगाणिस्तानातील 'जझाईल' या लांब बंदुकांवर कंपनीच्या बंदुकीची इंग्रजी कळ बसविलेली अनेकदा आढळते. अशा बंदुकीवरील सिंहाची मुद्रा फक्त कळीचे मूळ सांगते. तेव्हा 'ही बंदूक कोठली?' हा प्रश्न प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे विचारावा लागतो आणि मग 'ती आजच्या रूपात केव्हा जुळविली गेली?' हा प्रश्न उरतो.

नळीची साक्ष

सर्वांत अधिक माहिती नळी देते. भारतीय नळ्यांचे बूड जाड असते आणि तोंडाशी कोरीव कठड्यासारखा उठाव पुष्कळदा असतो. नळी दस्त्याला कातडी वाद्या, तार अथवा धातूच्या कड्यांनी बांधलेली असते. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या नमुन्यांत नळीखालच्या कानांतून आडव्या पिना घालीत, तर फ्रेंच सैनिकी बंदुकीत धातूची कडी वापरीत. शिकारीच्या इंग्रजी बंदुकीत चपटी पाचर दिसते. बांधणीची ही पद्धत एका दृष्टिक्षेपात कळते आणि बऱ्याच वेळा तीच परंपरा ओळखून देते.

नळी कशी घडविली हे अधिक महत्त्वाचे. 'आईन-ए-अकबरी'तील वर्णनानुसार अकबराच्या कारखान्यात लोखंडाची पट्टी कागदाच्या सुरळीप्रमाणे तिरकी वळवून, कडा एकमेकींवर चढवून, टप्प्याटप्प्याने तापवून सांधत. केवळ कडेला कड लावून सांधलेल्या आधीच्या नळ्या फुटत असत. अशा पिळाच्या नळीवर सौम्य आम्लाची क्रिया झाली की वळ्यांची नागमोडी नक्षी उमटते. यूरोपातही पिळाच्या नळ्या होत, त्यामुळे नक्षी दिसली म्हणजे भारतीय असे म्हणता येत नाही. परंतु लांबीने सरळ गेलेला एकच सांधा दिसला तर स्वस्त सैनिकी वा व्यापारी नळीचा विचार करावा. जिच्यात सांधाही नाही आणि वळीही नाहीत, एकसंध पोलादच आहे, ती नळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीची असण्याची शक्यता फारच थोडी. बेसेमरची पोलादाची प्रक्रिया १८५६ ची आहे. तत्पूर्वीच्या घडीव लोखंडात सूक्ष्मदर्शकाखाली मळीचे लांबट धागे दिसतात.

बुडाची रचना क्ष-किरण चित्राने पाहता येते. यूरोपीय नळीचे बूड आटे पाडलेल्या बुचाने बंद केलेले असते. ठोकून वा सांधून बसविलेले बूड दिसले, तर स्थानिक घडणीकडे पारडे झुकते. जिल्ह्याच्या ठिकाणी आज असे चित्र काढणे अवघड नाही, आणि बंदूक भरलेली आहे काय याचाही उलगडा त्यातच होतो.

नळीचे माप इंचात आणि मिलिमीटरमध्ये, तोंडाशी व शक्य तितके आत, घ्यावे. 'बारा बोअर' या परिचित शब्दाचा अर्थ नळीच्या व्यासाइतक्या शिशाच्या बारा गोळ्या एक पौंड भरतात असा आहे. हा व्यास सुमारे ०.७२९ इंच येतो. ब्रिटिश सैनिकी बंदुकीची नळी सुमारे ०.७५ इंच व्यासाची, तर १७७७ च्या फ्रेंच नमुन्याची सुमारे ०.६९ इंच असे. लांबीही बोलते : ब्रिटिश 'लाँग लँड' नमुन्याची नळी ४६ इंच, 'शॉर्ट लँड'ची ४२ इंच आणि कंपनीसाठी प्रथम घडविलेल्या, १७९७ मध्ये ब्रिटिश सरकारनेही स्वीकारलेल्या 'इंडिया पॅटर्न'ची ३९ इंच. पण नळ्या कापल्या जात, हे विसरू नये. तोंडाजवळ संगीन अडकविण्याचा खुंट नसणे, माशी वाजवीपेक्षा मागे वा पुढे असणे, नळीखाली वापरात नसलेला कान शिल्लक असणे, या कापल्याच्या खुणा होत.

कळीची साक्ष

जामगीच्या भारतीय बंदुकीत जळती वात धरणारा वाकडा दांडा दस्त्यातील फटीतून वर येतो आणि चाप ओढताच नेमबाजापासून दूर, पुढच्या दिशेने, रंजकाच्या प्यालीवर झुकतो. यूरोपातील जामगीच्या बंदुकीत तो नेमबाजाच्या दिशेने मागे येतो. चापाभोवती कडे नसणे हेही भारतीय जामगीच्या बंदुकीचे सर्वसाधारण लक्षण आहे. मात्र जामगी म्हणजे जुनी हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. यूरोपात चकमक रूढ होऊनही भारतात जामगीच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातही वापरात होत्या. त्या स्वस्त होत्या, गावचा लोहार त्या दुरुस्त करू शकत असे, आणि चकमकीचा दगड व पोलादाची कमान मिळविण्याची यातायात त्यांना नव्हती. म्हणून केवळ जामगीवरून 'शिवकालीन' ही नोंद टिकत नाही.

चकमकीच्या कळीला उत्तरेकडे 'पथरकला' म्हणत. तिचे टोपीत रूपांतर झाले असेल, तर कळीची पट्टी ते लपवू शकत नाही. स्कॉटलंडच्या फोर्साइथने १८०७ मध्ये स्फोटक रसायनाने बार पेटविण्याचे पेटंट घेतले, १८२० नंतर तांब्याची टोपी पसरली आणि ब्रिटिश सैन्याने १८३९ व १८४२ च्या नमुन्यांत ती स्वीकारली. तत्पूर्वीच्या बंदुका टाकून न देता बदलल्या गेल्या. अशा पट्टीवर रंजकाची प्याली, चकमकीचे पोलाद व त्याची कमान जेथे बसत, तेथील छिद्रे बुजविलेली दिसतात. कानाच्या जागी आडवा नळकांडीसारखा तुकडा बसवून त्यावर टोपीचे निपल उभे केलेले असते. ही बुजविलेली छिद्रे सापडली की बंदुकीला निदान दोन जन्म आहेत हे निश्चित होते. छिद्रे नसतील, तर कळ मुळातच टोपीची, म्हणजे १८२० नंतरची.

पेचाचे आटेही पाहावेत. हाताने पाडलेल्या आट्यांत एका पेचाचा आटा दुसऱ्या जागी बसत नाही. यंत्राने केलेले अदलाबदलीचे भाग ब्रिटिश सैनिकी बंदुकीत एनफिल्डच्या कारखान्यात १८५० च्या दशकात सुरू झाले. एका बाजूचे दोन पेच अदलाबदल करून सहज बसले, तर वयाचा अंदाज एकदम अलीकडे सरकतो.

दस्त्याविषयी थोडक्यात

दस्त्याचा आकार प्रदेश सुचवितो. उत्तर भारतातील जामगीच्या बंदुकीचा दस्ता सरळ, निमुळता व पैलूदार. कोडगूचा रुंद व वळलेला. सिंध-अफगाणिस्तानचा ठळक बाकदार. श्रीलंकेचा मागे दुभंगलेला. लाकडाचा पातळ छेद घेऊन वनस्पतिशास्त्र विभागात जाती ओळखता येते. साग किंवा शिसवी निघाल्यास दस्ता भारतात झाला असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. अक्रोड निघाल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण अक्रोड काश्मिरातही होतो.

'देशी' विलायती बंदुका

यूरोपीय नमुन्याची, पण मुद्रा नसलेली चकमकीची बंदूक दख्खनमध्ये सापडली की तिचे मूळ यूरोपात शोधण्याचा मोह होतो. तथापि, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातच अशा बंदुका होत होत्या. मीर कासिमने १७६२ मध्ये राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलविली आणि तेथे बंदुकांचा कारखाना उभारला. मुंगेरची ती परंपरा पुढेही टिकली. महादजी शिंदे यांच्या सेवेत १७८४ मध्ये दाखल झालेल्या द बॉइन्यने कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका घडू लागल्या. मराठ्यांच्या फौजेतील यूरोपीय धाटणीची बंदूक म्हणजे फ्रेंच वा इंग्रज व्यापाऱ्याकडून विकत घेतलेलीच असणार, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते. नेपाळमध्येही इंग्रजी नमुन्याच्या बंदुका तयार होत. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून २००३ मध्ये बाहेर आलेल्या प्रचंड साठ्यात देवनागरी अक्षरे व आकडे असलेल्या अशा बंदुका होत्या.

येथे अंतर्गत मोजमाप उपयोगी पडते. इंग्रजी नमुना समोर ठेवून घडविणारा कारागीर बाह्य आकार हुबेहूब उचलतो. पण नळीच्या भिंतीची जाडी, कमानीचा बाक आणि छिद्रांमधील अंतरे इंचाच्या नेमक्या अपूर्णांकांत पडत नाहीत. पितळाच्या साजातील तांबे-जस्ताचे प्रमाण रसायनशास्त्र विभागात मोजून ज्ञात वस्तूंशी ताडूनही पाहता येते. एकटे प्रमाण निर्णायक नसते, परंतु इतर पुराव्यांना ते बळ देते.

१८५७ आणि गुळगुळीत नळी

'१८५७ ची बंदूक' या नोंदीचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. उठावाच्या कारणांत एनफिल्डच्या काडतुसाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ती १८५३ च्या नमुन्याची, ०.५७७ इंच व्यासाची, नळीत आटे असलेली बंदूक होती. परंतु उठाव झाला तेव्हा शिपायांच्या बहुसंख्य पलटणींजवळ जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकाच होत्या. उठाव मोडल्यानंतर एतद्देशीय सैनिकांच्या हाती दूरवर अचूक मारा करणारी बंदूक देऊ नये असे ब्रिटिशांचे धोरण ठरले. त्यासाठी एनफिल्डची नळी कोरून ०.६५६ इंच व्यासाची गुळगुळीत केली गेली (१८५८ चा नमुना). भिंत पातळ झाल्याने पुढे जाड नळीचा १८५९ चा नमुना काढण्यात आला. अंतरानुसार सरकणाऱ्या शिडीसारख्या नेमाऐवजी साधा स्थिर नेम बसविला गेला.

बाहेरून एनफिल्ड, आतून गुळगुळीत आणि मागील नेम साधा असलेली बंदूक पाहून '१८५७ च्या क्रांतिकारकाची' असे लिहिले जाते, तेव्हा इतिहास नेमका उलटा होतो. उठाव करणाऱ्यांच्या हाती ती नव्हती; त्यांच्या उठावामुळे ती जन्माला आली. सरकारी बंदुकीवर मुकुट व कारखान्याच्या मुद्रा असतात, त्यामुळे अशीच पण पूर्ण कोरी बंदूक मिळाल्यास ती स्थानिक वा नेपाळी नक्कल असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

ठासणीची, पण जुनी नव्हे

पेटविण्याची पद्धत कालबाह्य झाली म्हणजे घडण थांबते असे नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना बंदुकीसाठी परवाना आवश्यक केला. एकनळी ठासणीची बंदूक हा परवान्यावरील एक परिचित प्रकार बनला आणि रानडुकरे व वानरे यांपासून पीक राखण्यासाठी ती विसाव्या शतकातही घडत व विकली जात राहिली. कोकणातील कित्येक घरांतील 'आजोबांची बंदूक' या वर्गातील आहे. एकसंध पोलादी नळी, यंत्राचे आटे आणि टोपीची मूळ कळ ही तिची लक्षणे. शस्त्र अधिनियम, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून) याच्या कलम ८ नुसार निर्मात्याचे नाव, क्रमांक अथवा अन्य ओळखचिन्ह नसलेल्या बंदुकीच्या विक्रीस व हस्तांतरास मनाई आहे. त्यामुळे अशा बंदुकीवर काहीच खूण नसेल, तर ती त्यापूर्वीची किंवा परवान्याबाहेरची, असे दोनच मार्ग उरतात.

याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली अथवा मोडकी, आणि दुरुस्त करूनही डागता न येणारी शस्त्रे वगळली आहेत. तर १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमात शंभर वर्षांची कालमर्यादा आहे. वाड्यातील बंदूक परवान्याखाली येते की संग्रहालयात जाऊ शकते, हा व्यावहारिक प्रश्न त्यामुळे कालनिश्चितीशी जोडला जातो. 'शिवकालीन' ही भावनिक नोंद येथे मालकाच्या उपयोगी पडत नाही. उलट भागवार तपासणीचे टिपण, मापे आणि छायाचित्रे उपयोगी पडतात.

नोंद कशी लिहावी

नोंदवहीत प्रत्येक भाग वेगळा, खात्रीच्या मात्रेसह लिहावा. उदाहरणार्थ : 'नळी : पिळाची, भारतीय, बूड सांधलेले, बहुधा अठरावे शतक. कळ : चकमकीची असून टोपीसाठी रूपांतरित, चार छिद्रे बुजविलेली, रूपांतर १८२० नंतर. दस्ता : साग, दुय्यम. मुद्रा : नळी काढून पाहिली, आढळली नाही. घराण्यातील माहिती : पेशवाईतील पूर्वजांची.' घराण्यातील आठवण गाळू नये. पण तिला तिचा स्वतंत्र रकाना द्यावा. पुढे एखाद्या दप्तरात बंदुकीच्या खरेदीची नोंद सापडली, तर या दोन रकान्यांची गाठ घालता येईल.